मैदानाच्या शेवटच्या रांगेपर्यंत : शिकागो रेडिओचे नानिक मोटवाने

ऐंशी-नव्वदच्या दशकात ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीच्या चाळींतून आणि छोट्या सोसायट्यांतून एक छंद मोठ्या निष्ठेने जोपासला जात असे. बँकेत, रेल्वेत किंवा एखाद्या कारखान्यात नोकरी करणारा गृहस्थ रविवारी सकाळी खिडकीजवळच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र अंथरून बसे. शेजारी सोल्डरिंगची राळ, तारांची भेंडोळी, हाताने गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर, अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर आवळलेले टूएन-३०५५ जातीचे ट्रान्झिस्टर किंवा नंतरच्या काळातली ४४४० क्रमांकाची आयसी. सुट्या भागांसाठी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरायचे आणि लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानांत चार आण्यांच्या रेझिस्टरसाठी अर्धा दिवस घालवायचा. मातीच्या माठाच्या तोंडावर आठ इंची स्पीकर बसवला की घुमारा कसा येतो, यावर जिन्यात उभ्याने वाद झडत. तयार झालेला अ‍ॅम्प्लिफायर एकदा वाजला म्हणजे काम संपले असे होत नसे. पुढच्या रविवारी तो पुन्हा उघडला जाई, कारण त्यातली गुणगुण अजून गेलेली नसे.

अशा गृहस्थांना वर्षातून एकदा सार्वजनिक मान मिळे. गणपतीत मंडळाचा अ‍ॅम्प्लिफायर ऐन आरतीच्या वेळी बंद पडला की कार्यकर्ते त्यांच्याच दाराशी येत. मंडळाच्या कपाटातून निघणाऱ्या जुन्या जड पेटीवर, एखाद्या जुनाट मायक्रोफोनच्या मानेवर किंवा कर्ण्याच्या पाठीवर पुष्कळदा इंग्रजी अक्षरांत एकच नाव कोरलेले असे : शिकागो रेडिओ. अमेरिकेतल्या त्या शहराशी आपल्या मंडळाचा काय संबंध, असा प्रश्न प्रस्तुत लेखकाला लहानपणी पडला होता आणि तेव्हा त्याचे उत्तर कोणी दिले नव्हते. शिकागो रेडिओ ही मुंबईची कंपनी होती. तिची खरी ओळख ज्यांनी घडवली, ते नानिक मोटवाने नावाचे सिंधी गृहस्थ स्वातंत्र्य चळवळीच्या इतिहासात छायाचित्रांच्या कडेला उभे आहेत. गांधीजी, नेहरू, सुभाषबाबू, सरदार पटेल यांच्या सभांची जुनी छायाचित्रे निरखून पाहावीत. वक्त्याच्या हनुवटीखाली ते नाव पुन्हा पुन्हा दिसते.

मोटवाने घराणे सिंधमधले. नानिक यांचे वडील ज्ञानचंद चंदुमल मोटवाने यांनी १९०९ मध्ये सिंधू नदीकाठच्या सक्कर या गावी ईस्टर्न इलेक्ट्रिक अँड ट्रेडिंग कंपनी या नावाने विजेच्या सामानाचा व्यापार सुरू केला. देशातल्या बहुसंख्य लोकांनी त्या वेळी विजेचा दिवा पाहिलाही नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे या धंद्यातले धाडस कळते. सक्करहून व्यवसाय कराचीला गेला आणि १९१९ मध्ये मुंबईत आला. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचाच भाग होता, त्यामुळे कराचीच्या व्यापाऱ्याने मुंबईत पेढी थाटणे यात नवल नव्हते. अमेरिकेतून येणाऱ्या टेलिफोनच्या सामानामुळे पेढीच्या नावात शिकागो आले. पुढे रेडिओचे युग अवतरले तेव्हा टेलिफोनच्या जोडीला रेडिओ हा शब्दही बसला. मुंबईचे नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्याच्या आधीपासून हौशी रेडिओ क्लबांनी प्रक्षेपणाचे प्रयोग चालवले होते. रेडिओचा संच घेणे ही श्रीमंतांची चैन होती. पण त्या संचाच्या पोटात जे व्हॉल्व्ह असत, त्यांचा आणखी एक उपयोग होता. क्षीण विद्युत लहरीला ते बळकट करीत. मायक्रोफोनमधून आलेली अशक्त लहर त्यांच्यातून दोन-तीन पायऱ्यांनी चढवत नेली की ती एखाद्या कर्ण्याला हलवू शके. अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात तो एवढाच.

नानिक वडिलांच्या पेढीत शिरले तो काळ सभांचा होता. लोकमान्यांच्या पिढीपर्यंत वक्त्याचा घसा हेच एकमेव साधन होते. मोठ्या आवाजाचा वक्ता काही हजारांच्या सभेला पुरा पडे, आणि सभाही बहुधा शहरी, पुरुषांची, ओळीने बसलेली असे. १९२० नंतर हे चित्र पालटले. गांधीजींच्या सभेला खेड्यापाड्यांतून लोक येऊ लागले, बायका येऊ लागल्या, हजारांचे आकडे लाखाच्या आसपास गेले. आणि ज्यांना ऐकायला हे लोक येत त्यांचा आवाज बेताचा, संथ, चढउतार नसलेला. त्यांनी गर्जना केली असे कोणी कधी लिहिलेले नाही. पुढच्या काही रांगांना शब्द ऐकू येत, त्यांच्या मागच्यांना सूर, आणि त्यांच्याही मागच्यांना केवळ दर्शन. गर्दीत ठिकठिकाणी स्वयंसेवक उभे करून वाक्ये पुढे पोहोचवण्याचे उपाय होत. तोंडातोंडी जाताना वाक्याचे काय होत असेल याची कल्पना आपण करू शकतो.

गांधीजी एकाच सभेत एका मंचावरून दुसऱ्या मंचावर जाऊन तेच भाषण पुन्हा करीत आहेत, हे दृश्य विशीच्या दशकाच्या अखेरीस नानिक यांनी पाहिले आणि त्यातून त्यांना आपले काम सापडले, असे मोटवाने कुटुंबात सांगितले जाते. कुटुंबकथांना थोडा वर्ख चढतोच. तरीही या कथेत न पटण्यासारखे काही नाही. व्यापाऱ्याच्या मुलाला समोर लाखभर माणसांची न भागलेली गरज दिसली, आणि ती भागवण्याचे यंत्र आपल्या धंद्याच्या हाताशी आहे हेही दिसले. देशभक्ती आणि धंद्याची नजर या दोन गोष्टी त्यांच्यात वेगळ्या काढता येत नाहीत, आणि तशा त्या काढण्याचा हट्ट धरण्यातही अर्थ नाही.

यंत्र जगाला नवे नव्हते. अमेरिकेत मॅग्नाव्हॉक्सचे प्रिडहॅम आणि जेन्सन यांनी १९१५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोर प्रचंड जमावाला कर्ण्यातून संगीत आणि भाषण ऐकवले होते. १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी सॅन डिएगोच्या मैदानात याच साधनाने भाषण केले. पण ही यंत्रे तिथल्या हवेसाठी आणि तिथल्या विजेसाठी बनलेली. आपल्याकडे कुठे एसी पुरवठा, कुठे डीसी, आणि बहुतेक गावांत वीज नाहीच. पावसाळ्यात ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्यांत ओल शिरे. उन्हाळ्यात आधीच निखाऱ्यासारखे तापणारे व्हॉल्व्ह मांडवाच्या उष्म्यात आणखी तापत. रेल्वेच्या डब्यात आणि पुढे कच्च्या रस्त्यावर हादरे बसून जोड सुटत ते वेगळेच. इंग्लंड-अमेरिकेतून अ‍ॅम्प्लिफायर मागवायचे, ते उघडायचे, आपल्या हवामानाला आणि विजेला जुळतील असे फेरफार त्यांत करायचे, आणि हे करता करता स्वतः बांधायला शिकायचे, असा क्रम मोटवाने यांच्या माणसांनी धरला. डोंबिवलीच्या खिडकीशी बसलेला गृहस्थ पन्नास वर्षांनी रविवारी जे करीत होता, तेच हे काम. फरक एवढा की इथे चूक झाली तर ती लाख लोकांसमोर होई.

मैदानी सभेची ध्वनियोजना किती अवघड असते याची कल्पना घरातला स्टिरिओ वाजवणाऱ्याला येत नाही. त्या काळच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून मिळणारी शक्ती आजच्या मानाने तुटपुंजी, काही थोड्या वॅटची. ती वाया जाऊ न देता लांबवर फेकायची तर कर्णाच हवा, कारण कर्ण्याच्या निमुळत्या घशामुळे पडद्याच्या हालचालीचा हवेवर अधिक जोर बसतो. साध्या कागदी शंकूच्या स्पीकरपेक्षा कर्णा त्याच शक्तीत कितीतरी मोठा आवाज देतो. आवाज थोडा पत्र्यासारखा येतो खरा, पण शब्द कळतात, आणि सभेत शब्दच कळायचे असतात. मग प्रश्न तारेचा. अ‍ॅम्प्लिफायर मंचाजवळ, कर्णे शेकडो फुटांवर. मधल्या तारेतच शक्तीची उष्णता होऊन जाते. त्यावर उपाय वीज मंडळे करतात तोच : ट्रान्सफॉर्मरने दाब वाढवून लहर पाठवायची आणि कर्ण्यापाशी पुन्हा उतरवायची.

याहून चमत्कारिक अडचण वेळेची. तारेतून लहर क्षणात पोहोचते, पण हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटरच जातो. मंचापासून १७० मीटरवर बसलेल्या माणसाला शेजारच्या कर्ण्यातून शब्द आधी ऐकू येतो आणि मंचाकडच्या कर्ण्यातून तोच शब्द अर्ध्या सेकंदाने पुन्हा येतो. भरभर बोलणाऱ्या वक्त्याच्या शब्दांचा अशाने काला होतो. सावकाश, थांबत थांबत बोलणाऱ्याचे शब्द मात्र त्यातून सुखरूप निसटतात. गांधीजींची संथ वाणी, जी उघड्या घशाच्या जमान्यात उणीव होती, ती या यंत्राला अगदी सोयीची ठरली. वक्तृत्वाच्या इतिहासात या योगायोगाची नोंद व्हायला हवी. कर्णे आल्यावर गर्जना करणाऱ्या वक्त्यांची जुनी सद्दी हळूहळू संपली आणि मायक्रोफोनशी गप्पा मारल्यासारखे बोलणाऱ्यांचे दिवस आले.

शिवाय ती शिट्टी. कर्ण्यातला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरला की सगळी यंत्रणा किंचाळू लागते, हे शाळेच्या स्नेहसंमेलनात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मायक्रोफोन कुठे ठेवायचा, कर्ण्यांची तोंडे कुठे वळवायची, आवाज कुठवर चढवायचा, हे पुस्तकात वाचून येत नसे. त्यासाठी सभेच्या आधीच मैदानात पोहोचून बांबूवर कर्णे चढवणे, तारा ओढणे, बॅटऱ्या भरलेल्या आहेत की नाहीत हे पाहणे आणि सभा संपल्यावर शेवटचा माणूस गेला की सगळे उतरवणे, असे मजुरीचे काम करणारी माणसे लागत. अशी माणसे मोटवाने यांनी तयार केली. त्यांची नावे कुठल्या अधिवेशनाच्या इतिवृत्तात नाहीत.

शिकागो रेडिओचे नाव काँग्रेसशी जोडले गेले ते मार्च १९३१ च्या कराची अधिवेशनापासून. प्रसंग साधा नव्हता. भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना २३ मार्च रोजी लाहोरला फाशी झाली आणि तीनच दिवसांनी वल्लभभाईंच्या अध्यक्षतेखाली हे अधिवेशन भरत होते. गांधी-आयर्विन करार नुकताच झालेला. तरुणांचा संताप उसळलेला, गांधीजींच्या आगमनाला काळी निशाणे दाखवण्यात आलेली. याच अधिवेशनात कराराला मान्यता घ्यायची होती आणि मूलभूत हक्कांचा ठराव यायचा होता. रागावलेल्या जमावाला नेत्याचे म्हणणे ऐकू न येणे किती धोक्याचे असते हे कुठल्याही पोलीस अधिकाऱ्याला विचारावे. मोटवाने यांच्यासाठी कराची हे माहेर. लहानपणी जे शहर पाहिले तिथेच त्यांच्या कर्ण्यांची परीक्षा झाली, आणि ती उत्तीर्ण झाली. त्यानंतर काँग्रेसच्या मोठ्या सभा आणि शिकागो रेडिओ हे समीकरणच बनले.

तिसाच्या दशकात या कामाचा पसारा वाढत गेला. काँग्रेसने अधिवेशने खेड्यांत भरवायचे ठरवले. डिसेंबर १९३६ मध्ये आपल्या खानदेशातले फैजपूर हे अशा ग्रामीण अधिवेशनाचे पहिले ठिकाण ठरले. फेब्रुवारी १९३८ मध्ये तापीकाठी हरिपुरा येथे सुभाषबाबूंच्या अध्यक्षतेखाली अधिवेशन झाले. मधल्या काळात १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांचा प्रचार देश ढवळून गेला. विजेची तार न पोहोचलेल्या गावांत लाखोंच्या सभा घ्यायच्या म्हणजे वीजही बरोबर न्यावी लागे. मुंबईहून प्रत्येक वेळी सामान पाठवणे अशक्य झाल्यावर कंपनीने निरनिराळ्या शहरांत कर्ण्यांचे आणि अ‍ॅम्प्लिफायरचे साठे ठेवले, म्हणजे जवळच्या ठाण्यावरून सामान आणि माणसे सुटतील. यातला मोठा खर्च कंपनीनेच सोसला. आणि प्रत्येक मायक्रोफोनवर नावाची पाटी ठळक असेल याची काळजीही कंपनीने घेतली! देशातल्या सर्वांत जास्त छायाचित्रे काढल्या जाणाऱ्या माणसांच्या तोंडापुढे आपले नाव ठेवण्याची ही युक्ती आजच्या प्रायोजकांनाही हेवा वाटावा अशी आहे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ज्या सरकारची कंत्राटे व्यापाऱ्याला हवी असतात, त्याच सरकारच्या शत्रूच्या व्यासपीठावर स्वतःच्या नावाची पाटी लावणे हे काही बिनजोखमीचे नव्हते.

ती जोखीम १९४२ मध्ये अंगावर आली. ८ ऑगस्टला गवालिया टँकच्या मैदानात अखिल भारतीय काँग्रेस समितीने चले जाव ठराव संमत केला. दुसऱ्या दिवशी पहाटे नेते गजाआड गेले. सभांना बंदी, वृत्तपत्रांवर सेन्सॉर. कर्ण्यांना आता मैदानच उरले नाही. तेव्हा मुंबईतल्या काही तरुणांनी ठरवले की मैदान नसेल तर आकाशातून बोलायचे. बावीस वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलदास तथा बाबूभाई खाकर, चंद्रकांत झवेरी, विठ्ठलदास झवेरी या मंडळींनी ऑगस्टच्या अखेरीस ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. राममनोहर लोहिया आणि अच्युतराव पटवर्धन यांचे पाठबळ त्याला होते. चिमूर आणि आष्टी येथील अत्याचारांच्या ज्या बातम्या वृत्तपत्रांना छापता येत नव्हत्या, त्या या केंद्राने देशाला दिल्या.

प्रक्षेपक बांधला नरिमन प्रिंटर यांनी. हे मुंबईचे हौशी रेडिओवाले. १९३९ मध्ये महायुद्ध पेटताच सरकारने सगळ्या हौशी रेडिओ चालकांना आपली प्रक्षेपण यंत्रे जमा करायला लावली होती. ज्यांना हा छंद आहे त्यांना हे जमा करणे कसे लागले असेल हे सांगायला नको. सुटे भाग मिळणे दुरापास्त, विकत घेणाऱ्यावर नजर, आणि प्रक्षेपक तर व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, कॉइल यांवाचून बनत नाही. अशा वेळी मुंबईत हे सामान आणि ते हाताळणारे कुशल हात एकाच छपराखाली कुठे होते, तर शिकागो रेडिओत. मोटवाने यांच्याकडून सामग्री मिळाली, तंत्रज्ञांची मदत मिळाली. स्वातंत्र्यानंतर उषाताईंनी या मदतीचा उल्लेख मोकळेपणाने केला.

केंद्र सतत जागा बदलत होते. चौपाटीच्या परिसरातून गिरगावात, इथून तिथे, कारण पोलिसांच्या गाड्या लहरींचा माग काढत शहरभर फिरत होत्या. सुमारे अडीच महिने हा लपंडाव चालला. अखेर प्रिंटर पोलिसांच्या हाती लागले आणि त्यांनीच जागा दाखवली. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी गिरगावातल्या पारेख वाडीत छापा पडला आणि उषा मेहता व चंद्रकांत झवेरी प्रक्षेपण करीत असतानाच पकडले गेले. प्रिंटर यांच्याविषयी एका शब्दात निकाल देणे सोपे आहे. ज्या हातांनी प्रक्षेपक उभा केला त्याच हातांनी तो मोडला, हे खरे. पण त्यांनी तो उभा केला नसता तर मोडायलाही काही नव्हते. कोठडीत माणसाचे काय होते याचा हिशेब बाहेर बसलेल्यांनी मांडू नये, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

नानिक मोटवाने यांनाही अटक झाली. खटल्यात पाच आरोपी होते आणि त्यांत ते एक होते. त्यांच्यापुढे काय होते ते पाहावे. उषा मेहता विद्यार्थिनी, बाकीचे कार्यकर्ते. त्यांच्यामागे ध्येय होते आणि गमावण्यासारखी मालमत्ता फारशी नव्हती. मोटवाने यांच्यामागे वडिलांनी १९०९ पासून उभी केलेली पेढी, तिच्यावर पोट असलेली माणसे, परवाने, आयातीचे करार. युद्धकाळात शत्रूला मदत केल्याचा संशय आलेल्या वायरलेस कंपनीचे सरकार काय करू शकते हे सांगायला ज्योतिषी नको होता. १९४३ मध्ये निकाल लागला. बाबूभाई खाकर यांना पाच वर्षे, उषा मेहता यांना चार वर्षे, चंद्रकांत झवेरी यांना एक वर्ष सक्तमजुरी झाली. विठ्ठलदास झवेरी आणि नानिक मोटवाने यांना न्यायालयाने निर्दोष सोडले.

या सुटकेमुळे त्यांच्या नावाभोवती तुरुंगवासाचे वलय आले नाही आणि ताम्रपटाच्या गोष्टीत ते मागे राहिले. उषाताई येरवड्याहून १९४६ मध्ये सुटल्या, पुढे मुंबई विद्यापीठात अध्यापक झाल्या, ११ ऑगस्ट २००० रोजी त्यांचे निधन झाले. अलीकडे त्यांच्यावर पुस्तक आले, २०२४ मध्ये चित्रपटही आला. मोटवाने यांच्यावर स्वतंत्र चित्रपट निघण्याची शक्यता कमीच दिसते. कर्णे लावणाऱ्या माणसाची गोष्ट पडद्यावर कशी दाखवणार?

स्वातंत्र्य आले ते सिंध घेऊन गेले. सक्कर आणि कराची परदेशात गेली. मोटवाने कुटुंब तीस वर्षे आधीच मुंबईत स्थिरावले होते म्हणून त्यांना निर्वासित व्हावे लागले नाही. पण त्यांच्याच भाषेची हजारो माणसे गाठोडी घेऊन कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या कल्याण कँपचे उल्हासनगर झाले. काहीही बघून हुबेहूब बनवून देणारे गाव म्हणून पुढे उल्हासनगरची जी थट्टा झाली, तिच्यात कौतुकाचा अंश किती होता हे सुटे भाग स्वस्तात शोधत तिथल्या बाजारात हिंडणाऱ्या कल्याण-डोंबिवलीच्या छांदिष्टांना विचारावे. परदेशी यंत्र उघडून, समजून घेऊन, आपल्या गरजेप्रमाणे पुन्हा बांधणे ही सिंधी उद्योजकतेची जुनी रीत. मोटवाने यांनी विशीत तेच केले होते.

नेहरूंच्या काळातल्या मोठ्या सभांतूनही शिकागो रेडिओचे मायक्रोफोन दिसत राहिले. मात्र आता सरकार आपलेच होते आणि सभेची ध्वनिव्यवस्था हा एक धंदा झाला होता. दिल्लीच्या आहुजांसारखे प्रतिस्पर्धी मैदानात उतरले. व्हॉल्व्ह गेले, ट्रान्झिस्टर आले, अ‍ॅम्प्लिफायर एका माणसाने उचलावा इतका हलका आणि तालुक्याच्या मांडववाल्याला परवडावा इतका स्वस्त झाला. मोटवाने कुटुंबाच्या उद्योगाचा दुसरा पाय नाशिक रोडला रोवला गेला. तिथली मोजमापाची उपकरणे विजेच्या कामातल्या लोकांना परिचित आहेत. खुद्द नानिक यांना जाऊन आता कित्येक दशके लोटली.

त्यांनी जे सुरू केले त्याचे पुढे काय झाले हे ठाणेकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. सण-उत्सवांतल्या भिंतीएवढ्या स्पीकरांविरुद्ध ठाण्याच्याच डॉ. महेश बेडेकर यांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि ऑगस्ट २०१६ मध्ये न्यायालयाने सविस्तर निकाल दिला. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. ती किती पाळली जाते हे तलावपाळीला राहणाऱ्यांनी सांगावे. एका माणसाचे मृदू बोलणे लाखांना ऐकू जावे म्हणून ज्या यंत्राची जुळणी झाली, त्याच्यामुळे शेजारच्या माणसाचे बोलणेही ऐकू येईनासे व्हावे, यात मोटवाने यांचा दोष नाही. पण त्यांच्या कंपनीने कर्णे बांबूवर चढवले तेव्हा आवाजाचे बटण कुणाच्या हाती राहील याचा विचार कुणीच केला नव्हता, हेही तितकेच खरे.

डोंबिवलीत हा छंद अजून संपलेला नाही. आता तळहाताएवढ्या तयार पट्ट्या घरपोच येतात आणि सोल्डरिंगचा धूर फारसा होत नाही. तरी अधूनमधून एखाद्या भंगारवाल्याकडे, एखाद्या जुन्या मंडळाच्या माळ्यावर शिकागो रेडिओची पेटी सापडते आणि कुणीतरी ती घरी आणतो. अशी पेटी थेट प्लगमध्ये खुपसायची नसते. आधी झुरळांची घरटी झाडायची, उंदराने कुरतडलेली वायर बदलायची, कोरडे पडलेले कपॅसिटर काढून नवे घालायचे, व्हॉल्व्ह सॉकेटमधून उपसून पिना घासायच्या. मग विजेच्या वाटेत शंभर वॅटचा साधा बल्ब जोडायचा. आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटून राहतो आणि पेटी वाचते. सगळे ठीक असेल तर बल्ब क्षणभर उजळतो, हळूहळू मंदावतो, आणि मिनिटभराने, व्हॉल्व्ह नारिंगी झाल्यावर, कर्ण्यातून बारीक गुणगुण ऐकू येऊ लागते.